तळ्याकाठचे बारके तपकिरी पक्षी सगळे सारखेच दिसतात, ओळखायचे कसे?

काठावरची:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय. पक्षी बघायला लागून वर्ष होईल, झाडावरचे तारेवरचे बऱ्यापैकी जमतात आता, पण हे चिखलातले बारके पक्षी काही केल्या जमत नाहीयेत. गेले तीन रविवार घराजवळच्या तळ्यावर जातेय, पाणी ओसरायला लागलंय आणि एका बाजूला चिखलाचा चांगला रुंद पट्टा उघडा पडलाय, त्यावर शंभरेक तरी पक्षी सारखे इकडून तिकडे पळत असतात. त्यातली टिटवी कळते, शेकाट्या कळतो (लांबच लांब गुलाबी पाय, तो कोणालाही कळेल), बाकी सगळे वरून मातकट आणि खालून पांढरे. पुस्तक उघडलं की त्यात कोणाची छाती विटकरी, कोणाचं पोट काळं, आणि समोर बघावं तर तसा एकही नाही. ॲपला फोटो दिला तर एकाच पक्ष्याच्या तीन फोटोंना तीन वेगळी नावं आली. दुर्बीण आहे ८ बाय ४२ ची, कॅमेरा साधा आहे. मला खरंच शिकायचंय हे, कारण हे पक्षी थोडेच दिवस असतात असं ऐकलंय आणि हा हंगाम असाच हातचा जाईल अशी धास्ती वाटतेय. सुरुवात कुठून करू? कधी जावं, कुठं बसावं, आणि स्कोप (ती तिपाईवर लावायची मोठी दुर्बीण) घेतल्याशिवाय हे होतच नाही का?

पाऊलवाट:

हाच प्रश्न माझाही होता, बरं झालं विचारलात. धागा धरून ठेवतोय.

जुनी दुर्बीण:

ताई, पुस्तकातली चित्रं आणि समोरचे पक्षी जुळत नाहीत ही तुमची चूक नाही, आधी ते मनातून काढा. विटकरी छाती आणि काळं पोट हा विणीचा पिसारा, तो उत्तरेकडं, टुंड्रात वगैरे अंडी घालतात तेव्हाचा. आपल्याला दिसतात तेव्हा मोठ्यांचा तो पिसारा झिजलेला असतो, अर्धा झडलेला असतो, त्या जागी थंडीचा राखी पिसारा यायला लागलेला असतो. म्हणून एकाच जातीचे दोन पक्षी शेजारी उभे असतील तर दोन जातींचे वाटतात. रंगावरून ओळखायला जाल तर या हंगामात दरवेळी फसाल.

मी तीस वर्षं हेच बघतोय आणि मला विचाराल तर नावाचा नाद पहिले काही दिवस सोडा. फक्त चालणं आणि खाणं बघा. तुमच्या त्या पट्ट्यावर बघा, काही पक्षी चार पावलं पळतात, झटकन थांबतात, ताठ उभे राहतात, मग वाकून काहीतरी टिपतात आणि परत पळतात. ते चिखल्या. डोळे मोठे, चोच आखूड, कारण ते बघून शिकार करतात, चिखलावर काही हललं की धावतात. त्यांच्या शेजारीच दुसरे असतील जे मान खाली घालून चालतच राहतात आणि शिवणयंत्राची सुई चालावी तशी चोच चिखलात वरखाली करत असतात, त्यांचं डोळ्यांवर फारसं काही अडत नाही, चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो. त्यातल्या बऱ्याच जणांना तर चोच चिखलात खुपसलेली असताना नुसतं टोक उघडता येतं, बाकी चोच मिटलेलीच, त्यामुळं आत सापडलेली अळी आतल्या आत पकडतात. आणि तिसरे म्हणजे उथळ पाण्यात पोटापर्यंत उतरून चालणारे, लांब पायांचे, हे इकडंतिकडं टिपत फिरतात.

एवढं वेगळं काढता आलं की शंभर पक्ष्यांचे तीन ढीग झाले. मग आकार. तुमचा ओळखीचा शेकाट्या तिथंच आहे ना, त्याला माप धरा. त्याच्या पोटाखालून जाईल एवढा आहे, का त्याच्या अर्ध्याएवढा, का जवळपास तेवढाच? लांबून एकटा पक्षी बघून आकार कधीच कळत नाही, मला अजूनही कळत नाही, शेजारी ओळखीचा पक्षी लागतोच. मग चोच: डोक्याच्या लांबीएवढी, कमी, जास्त, सरळ, खाली वाकलेली, किंचित वर वळलेली. मग पायांचा रंग, पण चिखल लागलेला असेल तर त्यावर विसंबू नका, पाण्यातून बाहेर येईपर्यंत थांबा.

स्कोप असेल तर उत्तम, २० ते ६० पट मोठं दिसतं आणि पट्टा रुंद असेल तर फरक पडतो. पण तुमच्या दुर्बिणीवर पहिला हंगाम आरामात निघेल. त्यापेक्षा एक वही घ्या. पक्षी कसलाही वेडावाकडा काढा, पण काढा. काढायला बसलं की "अरे, याची चोच बघितलीच नाही" हे आपोआप लक्षात येतं.

खाडीकाठ:

काकांनी छान सांगितलं. मी फक्त कधी जायचं त्याबद्दल लिहितो, कारण तिथंच निम्मे लोक चुकतात.

तळं असेल तर सकाळी लवकर, आणि सूर्य पाठीमागे येईल अशा काठावर. समोरून ऊन आलं की सगळे पक्षी काळे दिसतात, मग कसले रंग आणि कसलं काय. नऊ-दहानंतर ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते, मग लाखभराचा स्कोप असला तरी पक्षी पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. संध्याकाळची शेवटची दीड तास पण चांगली, मात्र काठ दुसरा लागेल.

खाडी, समुद्र असेल तर घड्याळ विसरा, भरती-ओहोटी बघा. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब लांब पसरलेले, ठिपके नुसते. भरती चढायला लागली की पाणी त्यांना तुमच्याकडं ढकलत आणतं. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सोन्यासारखे. आधी जाऊन बसायचं, हलायचं नाही, पक्षीच जवळ येतात. भरती भरली की ते एका उंच कोरड्या जागी दाटीवाटीनं एका पायावर उभे राहून झोपतात, तेव्हा त्यांना अजिबात उठवायचं नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी जास्त चढतं म्हणून पक्षी अजून जवळ येतात, अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढतं, तेव्हा तेवढे येत नाहीत. आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, मागच्या रविवारची वेळ धरून या रविवारी गेलात तर रिकामा चिखल बघून परत याल.

काठावरची:

बाप रे, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. काल ऑफिसच्या आधी तासभर जाऊन आले, फक्त चालणं आणि खाणं बघितलं, आणि खरंच ढीग वेगळे झाले!! चिखल्या तर लगेच कळले, पळणं-थांबणं-वाकणं. त्यातल्या एकाच्या डोळ्याभोवती पिवळी कडी होती, स्पष्ट.

पण एक घोळ आहे. तीन पक्षी असे होते जे एकेकटेच होते, थव्यात नाही. एक काठाच्या दगडावर होता आणि त्याचं मागचं अंग सारखं वरखाली वरखाली, थांबतच नव्हतं. दुसरा पाठीवर पांढरे ठिपके ठिपके असलेला, पाय पिवळसर. तिसरा त्याच्यासारखाच पण जास्त काळपट, मी थोडी पुढं सरकले तर ओरडत उडाला आणि उडताना मला वाटलं पाकोळीच की काय, वरून काळा आणि शेपटीकडं पांढराशुभ्र. हे तीन वेगळे का एकच?

जुनी दुर्बीण:

तीन वेगळे, आणि तुम्ही तिन्ही बरोबर बघितलेत, मला वाचूनच आनंद झाला. पिवळी कडीवाला छोटा कंठेरी चिखल्या.

दगडावरची शेपटी हलवणारी ती साधी तुतारी, कॉमन सँडपायपर. पुढच्या वेळी बघा, तिच्या छातीच्या बाजूनं पांढरा रंग पंखाच्या पुढून खांद्याकडं वर घुसलेला असतो, ही खूण पक्की. उडते ती पाण्याला चिकटून, पंख ताठ ठेवून, थरथर-थांब-थरथर अशी. दुसरी ठिपकेवाली तुतारी, वूड सँडपायपर, तिची पांढरी भुवई डोळ्याच्या मागंपर्यंत जाते. तिसरी हिरवी तुतारी, ग्रीन सँडपायपर. नाव हिरवी असलं तरी हिरवी दिसत नाही, काळपटच. तिची भुवई डोळ्यापाशीच संपते, आणि उडाली की पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी, ठिपकेवालीची फिकी असते. तुम्हाला पाकोळी आठवली ती त्या काळ्या-पांढऱ्यामुळंच.

आवाज ऐकत चला. ठिपकेवाली उडताना "चिफ्-इफ्-इफ्" करते, एकाच पट्टीत, हिरवीचा आवाज जास्त सुरेल आणि वर चढणारा. चिखलातले पक्षी ओळखायला आवाज डोळ्यांएवढाच कामाला येतो, कारण बऱ्याचदा ते आधी ऐकू येतात आणि मग दिसतात.

पाऊलवाट:

टिलवे कसे ओळखायचे काका? माझ्याकडं तेच जास्त आहेत, मुठीएवढे.

जुनी दुर्बीण:

टिलव्यात आधी पाय बघा. काळे पाय, पाठीवर तांबूस-काळी नक्षी, धावपळ्या स्वभाव: छोटा टिलवा. पिवळट-हिरवट पाय, पाठ सपाट मातकट, काठाच्या गवताशी हळूहळू वाकून फिरणारा: टेमिंकचा टिलवा. दुसरा बहुतेक वेळा थव्यात नसतो. छोट्या टिलव्याच्या यंदाच्या पिल्लांच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असतात, मागून बघितलं तर इंग्रजी व्ही काढल्यासारख्या. ती एकदा दिसली की विसरत नाही.

उत्तरवारा:

काकांनी पिल्लांचा विषय काढला म्हणून राहवत नाही, लिहितेच. या हंगामात मोठे कोण आणि पिल्लं कोण हे बघायला शिका, खरी गंमत त्यात आहे. पिल्लांची पिसं सगळी एकाच वेळी आलेली, कोरी करकरीत, प्रत्येक पिसाला फिकी कड, त्यामुळं पाठ खवले रचल्यासारखी नीटनेटकी दिसते. मोठ्यांची पिसं झिजलेली, मध्येच एखादं नवं राखी, मध्येच जुनं, विस्कटलेली. आणि ते येतात पण वेगवेगळे. बऱ्याच जातींत मोठे आधी निघतात, जुलैतच, पिल्लं मागं राहतात आणि काही आठवड्यांनी स्वतःची निघतात. कर्ल्यू सँडपायपरमध्ये (हाही चिखलातलाच, खाली वाकलेल्या लांब चोचीचा) तर नर सगळ्यात आधी, अंडी माद्यांवर सोडून, मग माद्या, आणि पिल्लं सगळ्यात शेवटी. म्हणजे ऑक्टोबरात तुमच्या तळ्यावर तो जो खवलेवाला टिलवा उभा आहे ना, २० ते ३० ग्रॅमचा जीव, तो या उन्हाळ्यात आर्क्टिकमध्ये अंड्यातून बाहेर आला आणि आईबापांनी वाट न दाखवता हजारो किलोमीटर उडून इथं आलाय. मला हे दरवर्षी नव्यानं पटवून घ्यावं लागतं, काठावर बसून त्याच्याकडं बघत राहते आणि विश्वास बसत नाही.

पिल्लांचं काय सांगू, पट्टेरी शेपटीचा गॉडविट, बार-टेल्ड, त्याचं एक जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू, बी-६ नाव दिलेलं, पाठीवर सॅटेलाइट टॅग होता. २०२२ च्या ऑक्टोबरात अलास्कातून उडालं आणि ११ दिवसांनी टास्मानियात उतरलं, १३,५६० किलोमीटर, मध्ये एकदाही न उतरता. खाली नुसता पॅसिफिक. त्याच्या आधी २००७ मध्ये ई-७ नावाची मादी अलास्का ते न्यूझीलंड आठ दिवसांत गेली होती, साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की हे असं होऊ शकतं. निघायच्या आधी हे पक्षी एवढे खातात की निम्मं वजन चरबीचं होतं, आणि आतडी, जठर हे आक्रसून लहान होतं, कारण उडताना खायचंच नाही तर ते ओझं कशाला. म्हणून चिखलात घालवलेला प्रत्येक तास त्यांच्यासाठी पुढच्या उड्डाणाची शिदोरी आहे.

याच कारणासाठी एक विनंती. फोटोसाठी पुढं पुढं जाऊ नका. मागच्या वर्षी मी जिथं जाते तिथं एकानं ड्रोन उडवला, अख्खा थवा चार वेळा उठला, पाचव्यांदा उठला तो आलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही. खाता खाता सगळ्यांनी एकदम माना वर केल्या की समजायचं आपण फार जवळ आलोय, तिथंच थांबायचं, शक्य तर दोन पावलं मागं यायचं.

खाडीकाठ:

ताईंशी शंभर टक्के सहमत. मी तर म्हणेन पहिले दोन महिने कॅमेरा घरीच ठेवा. कॅमेरा हातात असला की पाय आपोआप पुढं जातात.

पाऊलवाट:

पण फोटो नसेल तर नंतर कोणाला विचारणार दादा? माझ्यासारख्याला शिकवायला शेजारी कोणी नाही. लांबून काढलेला धूसर फोटो पण उपयोगी पडतो, पायांचा रंग तरी कळतो.

खाडीकाठ:

हो, ते बरोबर आहे तुझं. लांबून काढ, बसल्या जागेवरून काढ. माझा विरोध जवळ जाण्याला आहे, फोटोला नाही. आणि ॲपला देताना बाजूनं काढलेला दे, चोच आणि पाय दोन्ही दिसणारा, नुसती पाठ दिली की ॲपही माणसासारखंच गोंधळतं. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) यादी टाकत जा, ओळख पटली नसेल तर "टिलवा जात नक्की नाही" अशी नोंदही घेतात ते, खोटं नाव टाकण्यापेक्षा ती बरी.

उत्तरवारा:

यादी नक्की टाका, अगदी रोजचं साधं तळं असलं तरी. बारीक चोचीचा कर्ल्यू म्हणून एक पक्षी होता, त्याची शेवटची खात्रीची नोंद १९९५ ची, मोरोक्कोतली. त्यानंतर लोक शोधत राहिले, पण तो परत दिसला नाही, आणि २०२५ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. कमी होत होता तेव्हा मोजणारे फार कमी होते. म्हणून मी शेकाट्यासुद्धा मोजते, दरवेळी.

काठावरची:

रविवारी परत गेले होते, सगळं सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

साडेसहाला पोचले, ऊन पाठीमागे घेऊन पूर्वेच्या काठावर एका झुडपाआड बसले आणि दोन तास उठले नाही. पहिला अर्धा तास पक्षी लांबच होते, मग हळूहळू चिखलावरून खात खात माझ्याकडंच आले, एवढे की दुर्बीण फोकस होईना. छोटे टिलवे मोजले, ६४. दोनदा मोजले, दुसऱ्यांदा ६१ आले, मी ६० च्या वर असं लिहिलं वहीत. आणि व्ही दिसला!! पाठमोरा एक जण वाकला आणि पाठीवर दोन पांढऱ्या रेघा, अगदी काकांनी सांगितल्या तशा. उत्तरवारा ताई, तुमचं ते वाक्य आठवलं, आईबापांनी वाट न दाखवता, आणि मी नुसती बघत बसले, लिहायचं राहूनच गेलं. कर्ल्यू सँडपायपर पण असावेत दोन, टिलव्यांपेक्षा मोठे, चोच लांब आणि खाली वाकलेली, पोटापर्यंत पाण्यात. बरोबर ना?

आता मुख्य गोष्ट. निघायच्या बेतात होते तेव्हा त्यातल्याच एकाच्या पायात काहीतरी रंगीत दिसलं. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीसारखं, उजव्या पायात, गुडघ्याच्या वर. खाली अजून एक रंग होता, पण तो पाण्यात होता. त्यावर अक्षरं होती की नव्हती नाही कळलं. हे कोणी बांधलेलं असतं का? कुठं कळवायचं? मी चुकीचं तर काही बघितलं नाही ना?

जुनी दुर्बीण:

अजिबात चुकीचं नाही! तो फ्लॅग आहे, अभ्यासकांनी पक्षी पकडून पायात घालून सोडलेला. कोणत्या रंगावर कोणता रंग यावरून तो कुठल्या भागात घातला ते कळतं, आणि अक्षरं वाचता आली तर तो नेमका कोणता पक्षी हेही कळतं, त्याला कधी पकडला होता, तेव्हा पिल्लू होता का मोठा. म्हणून दोन्ही रंग आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. वरून खाली लिहायचं, डावा पाय वेगळा, उजवा वेगळा. डावा-उजवा म्हणजे पक्ष्याचा, आपला नाही, समोरून बघताना हमखास उलटं होतं. तुम्ही गुडघा म्हणताय तो खरं तर त्याचा घोटा, पण "सांध्याच्या वर" असं लिहिलं की सगळ्यांना कळतं. आणि दुसऱ्या पायात धातूची साधी रिंग आहे का तेही बघा. तारीख, वेळ, जागा आत्ताच वहीत लिहून ठेवा, आठवणीवर सोडू नका. कर्ल्यू सँडपायपर तुम्ही सांगताय तसेच असतात.

खाडीकाठ:

तो अजून तिथंच असेल. खाणं चांगलं असलं की असे पक्षी काही दिवस मुक्काम करतात. पाणी कुठंवर आहे ते बघून ठेवा, तो चिखलावर आला की दोन्ही रंग दिसतील.

उत्तरवारा:

कोणत्या पायात काय, तेवढं सांगाच इथं, मी वाट बघतेय.

काठावरची:

सोमवारी आणि काल दोन्ही दिवस सकाळी जाऊन आले. सोमवारी नव्हता, किंवा मला दिसला नाही. काल दिसला! उजव्या पायात सांध्याच्या वर पांढरा, त्याच्या खाली पिवळा. डाव्या पायात सांध्याच्या खाली धातूची रिंग. पांढऱ्यावर अक्षरं आहेत, तीन असावीत, पहिलं ए सारखं, पुढची दोन वाचता आली नाहीत, आणि अजून जवळ जायचं धाडस केलं नाही कारण बाकीच्यांनी माना वर केल्या होत्या. मागं येऊन बसले. पाऊलवाट यांच्याकडं स्कोप आहे म्हणे, ते उद्या साडेसहाला येतायत.